गाउचोंचीं गाणीं आणि त्यांची मायभूमि

दक्षिण अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांतील गुराख्यांच्या बोलींत 'केरेंसिया' असा एक शब्द आहे. त्याचा मूळ धातु 'इच्छिणें, जीव लावणें' या अर्थाचा. परंतु गुराख्यांच्या तोंडीं तो रुळला तो जनावरांकरितां. मोकळ्या कुरणांत वाढलेला घोडा किंवा बैल विकून दहावीस कोस दूर नेला, तरी संधि सांपडतांच तो दावें तोडतो आणि ज्या रानांत लहानाचा मोठा झाला तेथें परत येतो. तें रान म्हणजे त्या जनावराची केरेंसिया. पुढें हाच शब्द माणसांनीं स्वतःला लावून घेतला. ब्राझिल देशाच्या अगदीं दक्षिण टोंकाला रिओ ग्रांदे दो सुल नांवाचा प्रांत आहे. तेथें जन्मभूमीला केरेंसिया म्हणतात, आणि तेथील गाण्यांत हा शब्द पुनः पुनः येतो. देशप्रेमाला राजाचें किंवा ध्वजाचें नांव न देतां मुक्या जनावराच्या ओढीचें नांव देणाऱ्या या लोकांचें गाणें कसें घडलें, हें पाहण्यासारखें आहे. तें घडविण्यांत ज्यांचे हात लागले, त्यांतले पुष्कळसे परके होते, कैदी होते, किंवा स्वतःच्या रानापासून दुरावलेले होते.

या प्रदेशाचें नांव पांपा. अर्जेंटिना, उरुग्वे आणि रिओ ग्रांदे दो सुल या तिहींवर पसरलेलें हें गवताचें मैदान कोठें सपाट, कोठें किंचित् उंचसखल आहे. सतराव्या शतकांत जेसुइट पाद्र्यांनीं ग्वारानी इंडियनांच्या वसाहतींकरितां येथें गुरें आणलीं. कांहीं वसाहती मोडल्या, गुरें मोकाट होऊन रानांत वाढलीं, आणि त्यांच्या कातड्यांवर पोट भरणारी घोडेस्वारांची एक जातच निर्माण झाली. स्पॅनिश, पोर्तुगीज, इंडियन आणि आफ्रिकी अशा चारी रक्तांची ती मिसळ. हेच गाउचो. दोरीचा फांस, वाद्यांना बांधलेले तीन गोटे, कमरेला सुरा आणि जमल्यास एक गिटार, एवढाच त्यांचा संसार. अठराव्या शतकांत 'गाउचो' हा शब्द शिवीवजा होता. भटक्या, गुरेंचोर, कोणत्याच राजाला न जुमानणारा, असा त्याचा अर्थ होई. आज रिओ ग्रांदेंतील वकील, दंतवैद्य आणि जन्मांत रिकिबींत पाय न घातलेला कारकून, असे सर्वच स्वतःला अभिमानानें गाउचो म्हणवितात. शिवीचें बिरुद झालें, त्यांत गाण्याचा वांटा मोठा आहे.

जुन्या गाउचोचें गाणें म्हणजे गिटारीच्या साथीवर आयत्या वेळीं रचलेलें कवन. दोघे गवई समोरासमोर बसून सवाल-जवाब करीत. मागें 'मिलोंगा' या संथ चालीचा ठेका चाले. सीमेच्या दोन्ही बाजूंस ही रीत एकच, कारण सीमाच वारंवार सरकत असे. अर्जेंटिनाच्या होसे एर्नांदेस यानें १८७२ मध्यें 'मार्तीन फिएर्रो' हें काव्य अशाच एका गवयाच्या तोंडीं घातलें. त्याच्या नायकाला सक्तीनें सैन्यांत धरून नेतात. पळून घरीं येऊन पाहतो तों घर मोडलेलें आणि बायकामुलें परागंदा झालेलीं. गाउचो गाण्याची खूण येथेंच पटते. घर नसलेल्या माणसानें घरावर म्हटलेलें तें गाणें आहे. रिओ ग्रांदेंत पेलोतास गांवच्या सिमोंइस लोपेस नेतो यानें लोकांच्या तोंडचीं असलीं कवनें गोळा करून १९१० मध्यें त्यांचा संग्रह छापला. तोंपर्यंत पांपावर तारेचीं कुंपणें पडलीं होतीं आणि मोकळा भटकणारा गाउचो जमीनदाराच्या पदरचा मजूर झाला होता.

प्रांताभिमानाचा उगम मात्र एका युद्धांत आहे. या प्रांताचा मुख्य माल म्हणजे 'शार्के', खारवून वाळविलेलें गोमांस. ब्राझिलच्या मळ्यांवरील गुलामांना तें खावयास घालीत, आणि पेलोतासच्या कारखान्यांत तें तयार करणारेहि गुलामच असत. उरुग्वे व अर्जेंटिना येथील शार्के ब्राझिलच्या बंदरांत स्वस्त पडतें आणि आपल्या मालावर मात्र करांचें ओझें, अशी रिओ ग्रांदेच्या जमीनदारांची तक्रार होती. २० सप्टेंबर १८३५ रोजीं बंडवाल्यांनीं पोर्तो आलेग्रे या राजधानीवर चाल केली. वर्ष भरत आलें असतां, ११ सप्टेंबर १८३६ रोजीं, आंतोनियो दे सौझा नेतो यानें स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलें. बेंतो गोन्साल्विस त्याचा अध्यक्ष झाला. विरोधकांनीं या लोकांस 'फार्रापोस' म्हणजे चिंध्यावाले म्हणून हिणविलें, तर त्यांनीं तेंहि नांव मिरविलें. इटलीचा गॅरिबाल्डी तरुणपणीं याच चिंध्यावाल्यांच्या बाजूनें लढला. त्याचें चरित्र वाचलेल्यांस हा भाग आठवेल.

३० एप्रिल १८३८ रोजीं बंडवाल्यांनीं रिओ पार्दो गांवाजवळ बादशाही फौजेचा मोड केला. कैद्यांत एका पलटणीचा बँड सबंधच हातीं लागला. त्याचा प्रमुख झोआकिम झोझे दे मेंदान्या हा दूरच्या मिनास झेराइस प्रांतांतला, मिश्र वंशाचा, संगीतांत जाणता गृहस्थ होता. नव्या प्रजासत्ताकाला झेंडा होता, शिक्का होता, गीत नव्हतें. तें बांधण्याचें काम या कैद्याला फर्माविण्यांत आलें. कैद्याला नाहीं म्हणण्याची सोय नसते. ज्या बादशहाची भाकर खाल्ली त्याच्याविरुद्ध उठलेल्यांचें विजयगीत त्यानें बसवून दिलें, आणि त्याच्याच पकडलेल्या वाजंत्र्यांनीं तें वाजविलें. त्या वेळीं त्याच्या मनांत काय आलें असेल, याची ज्यानें त्यानें कल्पना करावी. चाल मात्र मन लावून केलेली आहे, यांत शंका नाहीं. बेगारीचें काम इतकें टिकत नाहीं. या चालीवर पुढें निरनिराळे शब्द बसविले गेले, आणि त्यांतील फ्रान्सिस्को पिंतो दा फौंतौरा याचे लोकांत रूढ झाले. १९६६ मध्यें कायद्यानें हें प्रांताचें अधिकृत गीत ठरलें, तेव्हां अथेन्स व रोम यांचे दाखले देणारें एक कडवें गाळण्यांत आलें. घोड्यावरच्या लोकांच्या गीतांत अथेन्स जरा अवघडूनच बसलें होतें, म्हणून गेलें तें एका अर्थीं बरेंच झालें.

१ मार्च १८४५ रोजीं तह होऊन युद्ध संपलें आणि प्रांत पुनः साम्राज्यांत सामील झाला. मेंदान्या आपल्या गांवीं परतला नाहीं. पोर्तो आलेग्रेंत चर्चमधील संगीताचें काम करीत तो राहिला आणि १८८५ मध्यें तेथेंच वारला. ज्या प्रांतानें त्याला कैद केलें तोच त्याची केरेंसिया झाला.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें हें गीत आणि फार्रापोसचा तिरंगी ध्वज यांचा मान कमीअधिक होत राहिला. मोठा घाव बसला तो १९३७ मध्यें, आणि तो घरच्याच माणसाकडून. झेतुलियो व्हार्गास हा ब्राझिलचा सर्वाधिकारी झाला. त्याचा जन्म रिओ ग्रांदेंतील साओ बोर्झा गांवचा. तो त्याच प्रांताचा पूर्वीचा मुख्याधिकारी होता. राष्ट्र एक, म्हणून ध्वज एक, या न्यायानें त्यानें प्रांतांचे ध्वज व गीतें बंद केलीं. २७ नोव्हेंबर १९३७ रोजीं रिओ द जानेरो शहरांत सर्व प्रांतांचे ध्वज समारंभपूर्वक जाळण्यांत आले, आणि त्या आगींत त्याच्या स्वतःच्या प्रांताचाहि ध्वज होता. राष्ट्रप्रेम आणि प्रांतप्रेम यांच्यांत वैर आहेच, असें समजणाऱ्या राज्यकर्त्यांची ही चूक ठिकठिकाणीं दिसते. जाळलेल्या गोष्टीची लोकांना आठवण राहते. व्हार्गासची राजवट संपल्यावर १९४६ च्या घटनेनें प्रांतांना आपलीं चिन्हें पुनः वापरण्याची मुभा दिली.

त्या मुभेचा उपयोग प्रथम केला तो शाळकरी मुलांनीं. पोर्तो आलेग्रेंतील झूलियो दे कास्तिल्योस विद्यालयांत तेव्हां खेड्यांतून शिकावयास आलेले कांहीं विद्यार्थी होते. शहरांत अमेरिकन चित्रपटांची व नाचांची चलती होती, आणि गाउचोची सैल विजार घालून रस्त्यानें जाणाऱ्याला लोक हंसत. झोआंव कार्लोस पाइशांव कोर्तिस हा त्यांचा पुढारी. त्याचा जन्म उरुग्वेच्या सीमेवरील सान्ताना दो लिव्हरामेंतो गांवचा, १९२७ चा. ५ सप्टेंबर १९४७ रोजीं फार्रापोसचा सेनापति दाव्हिद कानाबार्रो याच्या अस्थि शहरांत आणण्यांत येणार होत्या. पाइशांवनें आठ जणांसाठीं घोडे आणि पोशाख मिळविले आणि तीं मुलें स्वारी करून त्या मिरवणुकीबरोबर गेलीं. दोन दिवसांनीं, स्वातंत्र्यदिनाचा राष्ट्रीय होम विझविण्याच्या वेळीं, त्यांनीं त्यांतून एक ज्योत पेटवून घेतली आणि शाळेंत २० सप्टेंबरपर्यंत जागती ठेविली. प्रांताची ज्योत राष्ट्राच्या होमांतूनच घेतली, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मोठ्या मुत्सद्द्याला दहा वर्षांपूर्वीं जें सुचलें नाहीं, तें वीस वर्षांच्या पोराला सुचलें.

२४ एप्रिल १९४८ रोजीं या मुलांनीं व त्यांच्या मित्रांनीं '३५' नांवाचें गाउचो परंपरा केंद्र स्थापिलें. आंकडा अर्थात् १८३५ चा. केंद्राच्या अध्यक्षाला त्यांनीं 'मालक' म्हटलें, खालच्या अधिकाऱ्याला 'मुकादम', आणि शाखांना 'कुरणें'. थोडा पोरखेळ वाटतो खरा, पण पुढें शेंकडों केंद्रें याच परिभाषेवर चाललीं. १९४९ मध्यें हीं मंडळी मॉन्तेव्हिदेओला उरुग्वेच्या परंपरा-उत्सवास गेली. यजमानांनीं आपले नाच करून दाखविले, आणि पाहुण्यांकडे दाखवावयास कांहींच नव्हतें! त्या ओशाळेपणांतून खरें काम सुरू झालें. पाइशांव आणि पिरातिनी गांवचा त्याचा मित्र बार्बोझा लेसा यांनीं प्रांत पिंजून काढला, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून चाली आणि पावलें टिपून घेतलीं, आणि १९५६ मध्यें गाउचो नाचांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या आदल्या वर्षीं साओ पावलोची गायिका इनेझिता बार्रोझो हिनें या नाचांच्या गाण्यांची तबकडी काढली.

जें तुटलें होतें तें या दोघांनीं जुळविलें, आणि जेथें दुवा मिळाला नाहीं तेथें तो घडविला. स्त्रियांचा जो लांब झालरीचा पोशाख आज परंपरेचा म्हणून मिरविला जातो, तो बराचसा या मंडळींच्याच काळांत ठरला. इतिहासाचे अभ्यासक या कारणास्तव सर्व चळवळीला बनावट म्हणतात. त्यांचें म्हणणें पुराव्याच्या दृष्टीनें चूक नाहीं. परंतु विस्मरणांत चाललेल्या चाली कोणी लिहूनच घेतल्या नसत्या, तर खरें-खोटें निवडावयासहि कांहीं उरलें नसतें. १९५८ मध्यें पोर्तो आलेग्रेंत फांसवाल्या गाउचोचा पुतळा उभारला, तेव्हां शिल्पकार आंतोनियो कारिंजी याच्यापुढें नमुना म्हणून उभा राहिला होता तो पाइशांव कोर्तिसच. तो २०१८ मध्यें वारला. बार्बोझा लेसा त्यापूर्वीं २००२ मध्यें.

गाउचो गाण्यांतलें आजचें मुख्य वाद्य अकॉर्डियन आहे. तें गाउचोचें नव्हे. १८२४ पासून जर्मन आणि १८७५ पासून इटालियन वसाहतवाले या प्रांतांत आले. भात्याच्या या पेटीचा प्रसार मुख्यतः त्यांच्या वस्त्यांतून झाला. चालींचेंहि तसेंच. पोल्का आणि मझुर्का युरोपांतल्या, 'शोते' म्हणजे शॉटिश, आणि 'व्हानेरा' हें क्यूबाच्या हाबानेराचें बदललेलें रूप. अस्सल येथलाच म्हणून ज्याचा डौल मिरवितात तो एकच ताल, 'बुझिओ'. रानांतल्या ओरडणाऱ्या माकडाचा घोगरा आवाज अकॉर्डियनचा भाता हिसकून काढावयाचा, अशी त्याची गंमत. त्याच्या जन्मस्थानाचा मान साओ फ्रान्सिस्को दे आसीस आणि साओ फ्रान्सिस्को दे पाउला हीं दोन गांवें आपापल्याकडे ओढतात. भांडण माकडाच्या ओरडण्यावरून आहे, हें दोन्ही गांवें विसरलेलीं दिसतात. कडाक्याच्या थंडींत दक्षिणेकडून येणारा 'मिनुआनो' वारा, चुलीवरचें आधण, हातांत फिरणारें मातेचें कडू पेय आणि शेजारीं इटालियन आजोबांची पेटी, अशी ही केरेंसिया तयार झाली.

घराघरांत ती पोंचविली रेडिओनें. १९४३ मध्यें पेद्रो राइमुंदो नांवाचा अकॉर्डियनवादक रिओ द जानेरोंत सैल विजार, बूट आणि गळ्यांत रुमाल अशा वेषांत गाऊं लागला, आणि त्याच्या 'आदेउस मारियाना' या गाण्यानें सबंध देशाला गाउचोची ओळख करून दिली. हा राइमुंदो जन्मानें रिओ ग्रांदेचा नव्हताच. शेजारच्या सान्ता कातारीनाचा होता. त्याला पाहूनच ईशान्येकडच्या लुईझ गोन्झागाला आपल्या दुष्काळी मुलखांतल्या गुराख्याची चामडी टोपी घालून गाण्याचें सुचलें. एका प्रांताच्या अभिमानानें दुसऱ्याचा अभिमान जागविला, मारला नाहीं. १९५५ मध्यें पोर्तो आलेग्रेच्या फार्रोउपिल्या रेडिओवर पाइशांव कोर्तिस व दार्सी फागुंदेस यांचा गाउचो गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. १९६० मध्यें तेशेरिन्या या गवयानें लहानपणीं जळून मेलेल्या आपल्या आईवर केलेलें गाणें गायिलें. त्याच्या तबकड्या दहा लाखांहून अधिक खपल्या. शहरी विद्वानांनीं तेशेरिन्याची टर उडविली. पण ट्रक हांकणारे आणि मोलकरणी यांनीं त्याला डोक्यावर घेतलें. पुढें त्यानें 'केरेंसिया आमादा', म्हणजे लाडकी केरेंसिया, या नांवाचें गाणें केलें. प्रांताचें अधिकृत गीत उभें राहून म्हणावयाचें, आणि हें बसून, जेवतांना, रडतांना.

१९७० च्या सुमारास उरुग्वायाना या सीमेवरच्या गांवीं एका गीतस्पर्धेंत गाउचो धर्तीचें गाणें प्रांतिक म्हणून बाजूला सारलें गेलें. कोल्मार दुआर्ते या कवीच्या मनाला तें लागलें, आणि त्यानें मित्रांसह १९७१ मध्यें 'कालिफोर्निया' नांवाचा निव्वळ देशी गाण्यांचा उत्सव सुरू केला. पारितोषिक म्हणजे गाणाऱ्या पक्ष्याची एक सोनेरी प्रतिमा. या उत्सवाच्या धर्तीवर गांवोगांव उत्सव निघाले. त्याच काळांत वायव्येकडील मिशन भागांतून एक निराळा सूर उठला. झाइमे काएतानो ब्राउन हा आयत्या वेळीं कवन करणारा शेवटच्या मोठ्या गवयांपैकीं एक, आणि नोएल ग्वारानी, ज्यानें इंडियनांचें नांवच आपलें आडनांव म्हणून घेतलें. यांनीं घोडेस्वार जमीनदारांच्याहि मागें जाऊन सेपे तियाराझूला आठवलें. १७५० च्या तहानें स्पेननें सात वसाहती पोर्तुगालला देऊन टाकल्या आणि तेथल्या ग्वारानींना घरें सोडून नदीपार जाण्याचा हुकूम झाला. सेपे हा त्याविरुद्ध लढणारा ग्वारानी पुढारी, ७ फेब्रुवारी १७५६ रोजीं पडला. या भूमीचें पहिलें मायभूमिप्रेम असें हांकलून दिलेल्यांचें होतें.

आणखी एक माणूस या गाण्यांत बरेच दिवस नव्हता. फार्रापोसच्या सैन्यांत काळ्या भालाइतांच्या पलटणी होत्या; स्वातंत्र्याच्या वचनावर लढणारे ते गुलाम होते. तहाची बोलणीं अडत होतीं तीं यांचें काय करावयाचें या प्रश्नावर. बादशहाचें सरकार शस्त्र घेतलेल्या गुलामांना मोकळें सोडावयास नाखूष होतें. १४ नोव्हेंबर १८४४ रोजीं पहांटे पोरोंगोस येथें कानाबार्रोच्या तळावर बादशाही फौजेनें अचानक हल्ला केला आणि हे भालाईत मोठ्या संख्येनें कापले गेले. त्यांचीं शस्त्रें आधींच काढून घेतलीं होतीं आणि सर्व प्रकार संगनमताचा होता, असें अनेक इतिहासकार मानतात. कांहीं मानीत नाहींत. हा कानाबार्रो म्हणजे ज्याच्या अस्थींबरोबर १९४७ मध्यें तीं आठ मुलें घोड्यांवरून गेलीं, तोच. प्रांतगीताच्या रूढ शब्दांत, सद्गुण नसले कीं गुलामी पदरीं येते, अशा अर्थाचा एक भाग आहे. १ जानेवारी २०२१ रोजीं पोर्तो आलेग्रेच्या नगरसभेंत हें गीत सुरू झालें असतां काळे सभासद बसूनच राहिले. आपले पूर्वज सद्गुणांच्या अभावीं गुलाम झाले नव्हते, हें त्यांचें सांगणें. प्रांतभर गदारोळ झाला. ज्या गीताची चाल एका मिश्रवर्णीय कैद्यानें बांधली, त्यासाठीं उठावें कीं बसावें, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

परंतु उरुग्वायानाच्या उत्सवांत त्याच्या पुष्कळ आधीं एक गोष्ट घडून गेली होती. त्या गांवचा एक काळा गायक, सेझार पासारिन्यो, १९४९ चा जन्म. पासारिन्यो म्हणजे पाखरूं. १९७७ मध्यें त्यानें 'नेग्रो दा गाइता', म्हणजे अकॉर्डियनवाला काळा माणूस, हें गाणें म्हटलें आणि सोनेरी पक्षी जिंकला. त्या उत्सवांत सर्वांत गाजलेला आवाज पुढें त्याचाच ठरला. १९८३ मध्यें त्यानें 'गुरी' म्हणजे पोरगा हें गाणें गायिलें. त्यांत एक लहान मुलगा आपल्या इच्छा सांगतो, आणि शेवटची इच्छा ज्या घरांत जन्मला त्यापासून कधीं न दुरावण्याची असते. सेझार १९९८ मध्यें वारला. तें गाणें रिओ ग्रांदेंत लहानथोरांना तोंडपाठ आहे.